बरणीतलं पीक आणि कागदावरचं पीक

"मॅडम, तुमच्या आधीच्या रिपोर्टमध्ये पीक नीट वेगळं झालेलंच नाहीये," लॅबमधला केमिस्ट फोनवर म्हणाला आणि माझ्या पोटात गोळा आला. मला वाटलं, बरण्यांत दुसरी कुठली तरी बुरशी शिरली. मी घाईघाईने विचारलं, "कुठल्या बॅचचं?" तो गप्प. मग म्हणाला, "सगळ्याच सॅम्पलचं." माझे तर हातपाय गळाले. दोन-तीन मिनिटांनी उलगडा झाला. आमच्याकडे पीक म्हणजे बरणीत उगवतं ते, आणि त्यांच्याकडे पीक म्हणजे क्रोमॅटोग्रामच्या, म्हणजे मिश्रणातली रसायनं वेगळी करून काढलेल्या आलेखाच्या, कागदावर उभं राहतं ते टोक. बरण्या ठीक होत्या. गडबड कागदावर होती.

मी आणि माझा धाकटा दीर मिळून कॉर्डिसेप्स मिलिटारिस पिकवतो. ही कीटकांवर जगणारी बुरशी. रानात ती पतंगांच्या अळ्यांत नाहीतर कोषांत शिरते, आतून सगळं फस्त करते आणि मग केशरी काड्या बाहेर काढते. आम्ही कीटक वापरत नाही. काचेच्या बरणीत ब्राऊन राइसचा बेस, वरून लिक्विड कल्चर (पातळ द्रावात वाढवलेली बुरशी), मग अंधार, मग उजेड, आणि नशीब चांगलं असेल तर महिन्या-दीड महिन्यात केशरी गवताचं रान. हा माल कॅप्सूल करणाऱ्या एका कंपनीने घ्यायचं कबूल केलं, पण अट घातली: प्रत्येक बॅचसोबत लॅबचा रिपोर्ट हवा. ओळख, कॉर्डिसेपिन या बुरशीतल्या खास रसायनाचं प्रमाण, जड धातू. तिथून आमची लॅबयात्रा सुरू झाली. ज्या लॅबच्या 'केमिकल प्रोफाइलिंग' सेवेबद्दल हे लिहितेय ती दुसरी. पण पहिलीची गोष्ट सांगितल्याशिवाय दुसरीचं मोल कळणार नाही. नावं दोन्हींची लिहीत नाही.

पहिल्या लॅबला पाठवण्याआधी दीर म्हणाला, "वहिनी, आपली परीक्षा ते घेणारच आहेत, आपण त्यांचीही घेऊ." म्हणून पाकिटं पाच केली. 1 नंबरमध्ये आमच्या सुक्या फ्रूटिंग बॉडीची, म्हणजे त्या केशरी काड्यांची, पूड. 2 नंबरमध्ये तीच पूड, त्याच डब्यातली, फक्त बॅचचं नाव वेगळं. 3 नंबरमध्ये काड्या कापून घेतल्यावर बरणीत उरतो तो बेस, म्हणजे बुरशीच्या तंतूंनी विणलेला भात, वाळवून दळलेला. 4 नंबर हा दिराचा खास पदार्थ: साधं ब्राऊन राइसचं पीठ आणि त्यात आमच्या लिक्विड कल्चरच्या कपाटातलं यीस्ट एक्स्ट्रॅक्ट. कॉर्डिसेप्सचा त्यात कणही नाही. 5 नंबरला बाजारात मिळणाऱ्या एका ब्रँडच्या कॅप्सूल, फोडून. लेबलवर हिमालयाचा फोटो आणि 'कॉर्डिसेप्स सायनेन्सिस', म्हणजे हिमालयात अळीवर उगवणारी आमच्या बुरशीची महागडी बहीण.

पहिल्या लॅबचा रिपोर्ट चार दिवसांत हजर. गुळगुळीत कागद, गोल शिक्का, पाचही पाकिटं पास. होय, पाचही. पिठाच्या पाकिटात अ‍ॅडेनोसिन 'मर्यादेनुसार', पॉलिसॅकराइड 'उत्तम', आणि कहर म्हणजे 'कॉर्डिसेपिन: अल्प प्रमाणात आढळले'. दीर हसून हसून लोळायचा बाकी होता. मला हसू आलं नाही. याच कागदाच्या जोरावर आम्ही आमचा माल विकणार होतो, आणि तोच कागद पिठालाही मिळत होता.

दुसऱ्या लॅबकडे मी हा रिपोर्ट घेऊनच गेले, आणि माझ्या लेखी त्यांचं पहिलं कौतुक इथेच: त्यांनी "आमच्याकडे टाका, आम्ही बघतो" असं म्हटलं नाही. त्यांच्या फॉर्मवरच चार प्रश्न होते. बुरशीचा कुठला भाग? कशावर वाढवला? नुसती पूड की पाण्यात नाहीतर अल्कोहोलमध्ये काढलेला अर्क? सुकवताना तापमान किती होतं? पहिल्या लॅबने यातलं काहीच विचारलं नव्हतं, फक्त पाकिटावरचं नाव उतरवून घेतलं होतं. आता कळतं की जो हे विचारत नाही, तो पुढे आकडे कशाशी ताडणार?

केमिस्टने जुना रिपोर्ट वाचून पिठाचं पाकीट कसं पास झालं ते फोडून सांगितलं. हा माझ्यासाठी अख्ख्या सेवेतला सगळ्यात मोलाचा अर्धा तास, आणि तो बिलात नव्हता. चिनी औषधसंहितेत सायनेन्सिससाठी अ‍ॅडेनोसिन किमान 0.010 टक्के हवं अशी अट आहे. तिथे ती चालते, कारण अख्खी अळी हातात असते. तिच्या अंगावरच्या वळ्या, पायांच्या आठ जोड्या, त्यातल्या मधल्या चार ठळक, डोक्यातून निघालेली काडी, हे सगळं बघून झाल्यावरच रसायनाकडे वळायचं असतं. पूड झाली की अळीही गेली आणि पायही गेले. उरलं अ‍ॅडेनोसिन, आणि ते तर प्रत्येक जिवंत पेशीत असतं. यीस्ट एक्स्ट्रॅक्टमध्ये भरपूर. पॉलिसॅकराइडचंही तसंच. फिनॉल आणि सल्फ्युरिक अ‍ॅसिडची जुनी चाचणी साखरेची साखळी मोजते. ती साखळी बुरशीच्या भिंतीतली की भातातला स्टार्च, हे तिला कळत नाही. पिठाला 'उत्तम' शेरा मिळाला तो असा.

आणि ते अल्प कॉर्डिसेपिन? इथे खरी मजा आहे. कॉर्डिसेपिन म्हणजे अ‍ॅडेनोसिनच, फक्त त्याच्या साखरेच्या तिसऱ्या कार्बनवरचा एक ऑक्सिजन गायब. 1950 साली ते पहिल्यांदा वेगळं काढलं ते आमच्या मिलिटारिसमधूनच. पण ऑक्सिजन तिसऱ्याऐवजी दुसऱ्या कार्बनवरून गेला की होतं 2'-डीऑक्सिअ‍ॅडेनोसिन, आणि ही डीएनएची नेहमीची वीट आहे, यीस्टमध्ये असणारच. दोघांचं रेणुवजन तेच, 251. रेणूंचं वजन करणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये दोघांनाही एक प्रोटॉन चिकटतो म्हणून 252 वर पकडायचं आणि फोडलं की दोघांतूनही अ‍ॅडेनिनचा 136 चा तुकडा पडतो. काट्यावर जुळे भाऊ. त्यांना वेगळं ओळखायचं तर कॉलममधून, म्हणजे रसायनं वेगळी करणाऱ्या नळीतून, सावकाश चालवत आणायचं, म्हणजे एक जरा आधी बाहेर पडतो, दुसरा जरा नंतर. पहिल्या लॅबने घाईघाईचा, दोन-तीन मिनिटांत संपणारा रन घेतला होता, त्यात दोघं एकाच टोकाखाली दबले. फोनवरचं "पीक वेगळं झालेलं नाही" ते हेच.

त्याने दोन क्रोमॅटोग्राम शेजारी ठेवून दाखवले. त्यांच्या स्वतःच्या रनमध्ये 260 नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात आमच्या 1 नंबरचं चित्र: डावीकडे बारीक-सारीक टेकड्या, मग अ‍ॅडेनोसिनचं बऱ्यापैकी उंच टोक, आणि त्यानंतर कॉर्डिसेपिनचा सुळका, बाकी सगळ्यांना खुजं करणारा. पिठाच्या चित्रात टेकड्या होत्या, अ‍ॅडेनोसिन होतं, त्यानंतर 2'-डीऑक्सिअ‍ॅडेनोसिनची छोटीशी उंची, आणि जिथे कॉर्डिसेपिन यायला हवं तिथे रेघ सपाट. मी बोट ठेवून विचारलं, "इथे काहीच नाही?" तो म्हणाला, "इथे काहीच नाही. आणि काही नसलं की आम्ही 'अल्प' लिहीत नाही."

एका आकड्याऐवजी अख्खं चित्र बघायचं, हीच या प्रोफाइलिंगची मेख. त्यांनी एचपीटीएलसीच्या, म्हणजे पातळ थरावर रसायनं वेगळी करायच्या पद्धतीच्या, प्लेटचे फोटोही रिपोर्टात लावले होते. सिलिकाची काचपट्टी, तिच्यावर ओळीने आमची पाच सॅम्पल आणि कडेला ओळख पक्की असलेले संदर्भ नमुने. 254 नॅनोमीटरच्या दिव्याखाली प्लेट हिरवी चमकते आणि न्यूक्लिओसाइड (अ‍ॅडेनोसिन आणि कॉर्डिसेपिनचं घराणं) जिथे थांबलेत तिथे काळे पट्टे दिसतात. 1 आणि 2 नंबरचे रकाने तंतोतंत सारखे. (म्हणजे आमची पहिली कसोटी ते पास झाले. त्यांना अजून सांगितलेलं नव्हतं.) दुसरी प्लेट एर्गोस्टेरॉलची. हे बुरशीच्या पेशीपटलातलं स्टेरॉल, भातात ते नसतं. अ‍ॅनिसाल्डिहाइड फवारून प्लेट तापवली की जांभळट पट्टा उठतो. 1 आणि 2 मध्ये तो जाड, 3 मध्ये फिका, 5 मध्येही फिका, 4 मध्ये पत्ताच नाही. प्लेटच्या त्या एका फोटोवरून माझ्या दिरालाही कळलं, आणि त्याने शाळेत रसायनशास्त्राशी उभा दावा मांडला होता.

3 नंबरने मात्र मला तोंडावर पाडलं. आम्ही समजत होतो, गुण सगळे काड्यांत, खालचा बेस म्हणजे टाकाऊ. रिपोर्ट म्हणतो, बेसमध्येही कॉर्डिसेपिन आहे, काड्यांपेक्षा कमी पण चांगलं मोजण्याइतकं. ही बुरशी ते बाहेर सोडते आणि ते खालच्या भातात मुरतं. म्हणजे उद्या कुणी नुसता बेस दळून 'कॉर्डिसेपिनयुक्त कॉर्डिसेप्स' म्हणून विकला, तर फक्त कॉर्डिसेपिन मोजणारी लॅब त्याला हसत पास करील. तो पकडला जातो एर्गोस्टेरॉलवर आणि ग्लुकनवर, म्हणजे ग्लुकोजच्या लांब साखळ्यांवर. या लॅबने एन्झाइम वापरून अल्फा आणि बीटा ग्लुकन वेगवेगळे मोजले. बीटा म्हणजे बुरशीच्या भिंतीतले. अल्फा म्हणजे या बाबतीत मुख्यतः स्टार्च. 1 नंबरमध्ये बीटा पुढे, 3 मध्ये अल्फा कितीतरी पुढे. घरी आल्यावर मी आयोडीनचा थेंब टाकून बघितला: काड्यांची पूड तपकिरीच राहिली, बेसची पूड शाईसारखी काळीनिळी. ही चाचणी कुणीही करू शकतं. फक्त कॅप्सूलमध्ये भरण म्हणून स्टार्च घालतात, त्यामुळे तिथे निळं दिसलं की लगेच बोंब मारू नये, आधी लेबल वाचावं.

5 नंबरच्या लेबलवर भरणाचा उल्लेख नव्हता. आणि आतला माल? कॉर्डिसेपिन भरपूर, एर्गोस्टेरॉल कमी, स्टार्च रग्गड. आमच्या 3 नंबरचा जणू सख्खा भाऊ. हिमालयातली बुरशी, जिला उत्तराखंडात कीडा जडी आणि नेपाळात यार्सागुंबा म्हणतात, ती सायनेन्सिस. तिबेटच्या पठारावर आणि हिमालयाच्या उंच कुरणांत, 3000 ते 5000 मीटरवर, घोस्ट मॉथ नावाच्या पतंगाच्या अळ्यांवर ती येते. 2007 साली तिला कॉर्डिसेप्सच्या गटातून काढून दुसऱ्या गटात टाकलं, आता ती ऑफिओकॉर्डिसेप्स सायनेन्सिस. कॉर्डिसेपिन बनवणारा जनुकांचा संच मिलिटारिसमध्ये सापडला 2017 मध्ये, आणि सायनेन्सिसमध्ये तो नाही. लोक समजतात, महागडी हिमालयातली बुरशी म्हणजे कॉर्डिसेपिन जास्त. उलट आहे! सायनेन्सिसच्या डबीत कॉर्डिसेपिनचा सुळका दिसला की डबीत दुसरंच काहीतरी आहे असं समजायचं. केमिस्टने रिपोर्टात शांतपणे लिहिलं: 'नमुन्याचे रासायनिक चित्र लेबलवरील प्रजातीशी जुळत नाही, कॉर्डिसेप्स मिलिटारिसच्या धान्यावरील वाढीशी जुळते.' मी त्या वाक्याखाली पेन्सिलने रेघ मारून ठेवली आहे.

त्याच 2017 च्या कामातून आणखी एक गोष्ट कळली होती, ती तपासायचा आग्रह मी धरला. मिलिटारिस कॉर्डिसेपिनसोबत पेंटोस्टॅटिनही बनवते. कॉर्डिसेपिनला तोडणारं एन्झाइम पेंटोस्टॅटिन अडवतं, म्हणजे एक गडी माल बनवतो आणि दुसरा राखण करतो. पिठात बाहेरून कृत्रिम कॉर्डिसेपिन मिसळलं असेल तर हा राखणदार सोबत नसणार, अशी माझी अटकळ. केमिस्टला कल्पना आवडली, पण त्यांच्या नेहमीच्या पद्धतीत पेंटोस्टॅटिन बसत नव्हतं, वेगळा रन लावावा लागला. 1, 2, 3 आणि 5 मध्ये ते सापडलं, 4 मध्ये नाही. मला हवं ते उत्तर मिळालं, पण सोबत एक चिंताही आली. पेंटोस्टॅटिन हे रक्ताच्या एका कर्करोगावर दिलं जाणारं औषध आहे. रोज कॅप्सूल घेणाऱ्याच्या पोटात ते किती जातं, हे मोजायला कुणी मागत नाही, लेबलवर कुणी छापत नाही. मी आमच्या खरेदीदार कंपनीला हे विचारलं. त्यांनी विषय बदलला.

एका गोष्टीवरून आम्ही तिघंही हसलो. कंपनीने रिपोर्टसाठी जो नमुना-कागद दिला होता त्यात एक रकाना होता 'कॉर्डिसेपिक अ‍ॅसिड'. मी केमिस्टला म्हटलं, हेही भरून द्या. तो म्हणाला, "मॅडम, असं अ‍ॅसिडच नाही." 1957 साली सायनेन्सिसमधून एक 'कॉर्डिसेपिक अ‍ॅसिड' जाहीर झालं होतं. 1963 मध्ये ते पुन्हा तपासलं गेलं तेव्हा निघालं मॅनिटॉल, साधी गोड साखर-अल्कोहोल, जी कितीतरी बुरश्यांत असते. साठ वर्षं होऊन गेली, तरी डब्यांवर अजून ते अ‍ॅसिड ऐटीत छापलं जातं. त्याने रकान्यात 'मॅनिटॉल' लिहिलं आणि आकडा टाकला. कंपनीचा माणूस म्हणाला, "पण आमच्या फॉर्ममध्ये अ‍ॅसिड आहे ना." आता काय बोलणार?

इतकं कौतुक झालं, आता तक्रारी. आणि त्या बारीक नाहीत.

पहिली, वेळ. दहा दिवस म्हणाले आणि एकोणीस लावले. मध्ये दोनदा फोन केला तर "कॉलम बदलतोय". खरं असेल, पण मग आधीच सांगा. आमची काढणी कॉलमसाठी थांबत नाही, आणि सुक्या काड्या दमट हवेत ठेवल्या की मऊ पडायला एक दिवस पुरतो.

दुसरी याच दमटपणाची. रिपोर्टात 1 नंबरचं कॉर्डिसेपिन ग्रॅमला 4.6 मिलिग्रॅम, 2 नंबरचं 4.3. एकाच डब्यातला माल, मग फरक कसा? आधी वाटलं, झालं, हेही तसलेच. मग आकड्यांच्या खालच्या ओळीत ओलावा दिसला: 1 नंबरमध्ये 6 टक्के, 2 नंबरमध्ये 12. चूक माझीच. 1 नंबर मी झिपवाल्या जाड पाऊचमध्ये घातलं होतं आणि 2 नंबरच्या वेळी पाऊच संपले म्हणून कागदी पाकिटात. त्याने वाटेत ओल खाल्ली. मी कॅल्क्युलेटर घेऊन कोरड्या वजनावर हिशोब केला: 4.6 भागिले 0.94 आणि 4.3 भागिले 0.88. दोन्हीचं उत्तर 4.89. अंगावर शहारा आला, खरंच. लॅबचं मोजमाप इतकं पक्कं होतं. पण हा हिशोब मी का करायचा? 'कोरड्या वजनावर' असा एक रकाना छापायला त्यांचं काय जातं? खरेदीदार वरचा आकडा वाचतो आणि आमच्या दोन बॅचमध्ये फरक आहे असं ठरवून मोकळा होतो.

तिसरी तक्रार 'साम्य निर्देशांक 0.97' या आकड्याची. सगळी टोकं मिळून जे चित्र होतं ते संदर्भ नमुन्याशी किती जुळतं, याचा तो गुण. 1 म्हणजे हुबेहूब. ऐकायला भारी. पण तो संदर्भ नमुना कुठला, काड्यांचा की बेसचा, धान्यावर वाढवलेला की रेशमाच्या कोषावर, हे रिपोर्टात नव्हतं. विचारलं तेव्हा सांगितलं, आणि सोबत एक ठिपक्यांचा आलेखही दाखवला. त्यांच्या संग्रहातल्या प्रत्येक नमुन्याचा एक ठिपका: मिलिटारिसचे ठिपके एका कोपऱ्यात दाटीवाटीने, सायनेन्सिसचे पार दुसरीकडे, आणि सिकाडा या किड्यावर वाढणाऱ्या कॉर्डिसेप्सचे तिसरीकडे, कारण त्यात हायड्रॉक्सिइथिल-अ‍ॅडेनोसिन नावाचं वेगळंच टोक येतं. आमचे 1 आणि 2 मिलिटारिसच्या गर्दीत एकावर एक. 3 आणि 5 गर्दीपासून दूर, पण एकमेकांच्या शेजारी. 4 नंबर कागदाच्या कडेला एकटाच. हा आलेख रिपोर्टात का नाही? सगळ्यात बोलकं पान तेच, आणि ते मागितल्यावर ईमेलने आलं. मूळ क्रोमॅटोग्रामही तसेच, मागितल्यावर. मागायचं असतं हे ज्याला माहीत नाही, त्याने काय करायचं?

जड धातूंचे आकडे आमच्या मालात मर्यादेच्या खूप खाली होते. पण आर्सेनिक 'एकूण' दिलं होतं. त्यातलं जास्त घातक असेंद्रिय किती, हे वेगळं नव्हतं. आम्हाला फरक पडत नाही, पण हिमालयातल्या अळीचा माल तपासणाऱ्याला पडतो. 2016 च्या फेब्रुवारीत चीनच्या औषध-अन्न नियामकाने इशारा दिला होता की सायनेन्सिसच्या तपासलेल्या मालात किलोला 4.4 ते 9.9 मिलिग्रॅम आर्सेनिक निघालं, आणि आरोग्य-आहाराची मर्यादा 1.0 आहे. शिसं तर वेगळ्याच वाटेने येतं: वजन वाढवायला अळीत तार खुपसतात. 1996 साली तैवानमधून कॉर्डिसेप्सच्या पुडीमुळे शिसं अंगात चढलेल्या दोन रुग्णांची नोंद छापून आली होती. जो माल तोळ्यांवर तोलला जातो त्यात कुणाला काय सुचेल याचा नेम नाही.

डीएनए चाचणीचा पर्यायही त्यांनी दिला होता. मी घेतला नाही. आमच्या ताज्या काड्यांना तिची गरज नव्हती, आणि अर्क काढलेल्या, तापवलेल्या मालात डीएनएचे तुकडेच उरतात. जिथे डीएनए बोलायचं थांबतं तिथून पुढे रसायनच बोलतं, असं त्यानेच कबूल केलं, आणि मग स्वतःच हसला, कारण दोन्ही चाचण्या त्यांचीच लॅब विकते.

वागणुकीला पूर्ण गुण. वेळेला निम्मे. रिपोर्टच्या मांडणीला त्याहून थोडे कमी. मोजमापावर मात्र माझा विश्वास बसलाय, आणि पुढची बॅच तिथेच गेली आहे, यावेळी पाचही पाकिटं जाड पाऊचमध्ये आणि प्रत्येकात सिलिकाची पुडी. तुम्ही पाठवणार असाल तर ऑर्डर देतानाच लिहून घ्या: कॉर्डिसेपिन आणि 2'-डीऑक्सिअ‍ॅडेनोसिन वेगळे दाखवा, एर्गोस्टेरॉल आणि दोन्ही ग्लुकन मोजा, आकडे कोरड्या वजनावर द्या, मूळ क्रोमॅटोग्राम जोडा. नाहीतर पुन्हा फोन, पुन्हा ईमेल.

रिपोर्ट घ्यायला गेले तेव्हा मी 4 नंबरचं खरं सांगून टाकलं. वाटलं, चिडेल. त्याने आधी दिराकडे बघितलं, मग फ्रिजमधून उरलेलं पाकीट काढलं आणि विचारलं, "मॅडम, हे आम्ही ठेवून घेऊ का? नवीन मुलं जॉइन झालीयेत, त्यांना पहिल्या दिवशी द्यायला."

दिराने घरी जाऊन अर्धा किलो नवीन बनवून दिलं.